सेउ वाल्देमीर यांचा निळा दिवा

रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, सायकली लावायच्या जागेमागे, सेउ वाल्देमीर यांची कार्यशाळा होती. एकतीस वर्षं ते तिथे काच फुंकत होते. कुणाचा कंडेन्सर तडकला, कुणाच्या फ्लास्कची मान मोडली, की जिना उतरून त्यांच्याकडे जायचं. ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "काय गं पोरी, पुन्हा निसटलं? हात आहेत की लोण्याचे गोळे?" दोन दिवसांनी ते भांडं नव्यासारखं होऊन परत मिळायचं. सगळा विभाग त्यांना आदरार्थी 'सेउ' लावून सेउ वाल्देमीर म्हणायचा, आमच्या प्रोफेसरसुद्धा. नुसतं वाल्देमीर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोची.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ज्योतींपासून लांब, त्यांचं मत्स्यालय होतं. खाऱ्या पाण्याचं. ब्राझीलमधल्या पाराना राज्याच्या लाल मातीत, समुद्रापासून पाचशे किलोमीटर आत. दोन नारिंगी मासे आणि मूठभर पोवळी. त्यांची बायको, दोना इरासेमा, किनाऱ्यावरची. घरी वीज सारखी जायची आणि पाण्याचा पंप थांबला तर पोवळी मरतात, म्हणून हा एवढासा समुद्र त्यांनी विभागात आणून ठेवला होता. शनिवार-रविवारीही ते त्याच्याकडे बघायला येत. विभागप्रमुख बदलत गेले, पण मत्स्यालय हलवा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

मी झुसारा साकुमा. तेव्हा पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होते आणि माझं काम डायझो संयुगांवर चाललं होतं. डायझो म्हणजे असा रेणू, की ज्याला दोन नायट्रोजन अगदी सैल चिकटलेले असतात. ते सुटले की वायू होऊन उडून जातात आणि मागे उरतो दोन्ही हात रिकामे असलेला एक कार्बन. त्याला म्हणतात कार्बीन. तो भलताच उतावळा. समोर जे येईल त्याला बिलगतो. त्याला आपल्याला हवं तिथेच बिलगायला लावायचं, एवढ्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता. मला त्याच्याकडून तीन कार्बनांची छोटी त्रिकोणी कडी करून घ्यायची होती. ते नायट्रोजन सोडवायला ऱ्होडियम या धातूचा उत्प्रेरक वापरायचा, असं मी शिकले होते आणि पदवीपासून तसंच करत आले होते.

माझं डायझो दिसायला सुंदर होतं. पिकलेल्या माराकुजा फळाच्या रसासारखं पिवळट नारिंगी. रंग गेला म्हणजे नायट्रोजन गेला, हे लहान मुलालाही कळावं इतकं सोपं.

पण ऱ्होडियमच नव्हतं. आधीचं संपलं होतं आणि नवं चार महिने विमानतळाच्या कस्टममध्ये पडून होतं. एका कागदावर एक शिक्का कमी. तो मारून पाठवला, तर दुसराच कागद जुना झाला. शेजारच्या टेबलावरचा एवेर्तोन मला रोज छळायचा.

"झु, तुझं ऱ्होडियम तिथेच नोकरीला लागलंय. आता पेन्शन घेऊनच येईल."

"तू तुझं बघ."

"माझं काय, मी लोखंडावर काम करतो. गंजलं तरी चालतं."

मला हसू यायचं नाही. शिष्यवृत्तीचे आठ महिने उरले होते.

जूनमधल्या एका शुक्रवारी निरोप आला की पार्सल सुटलं, दुपारी येतंय. मी धावतपळत तयारी केली. एका साध्या पारदर्शक कुपीत डायझो आणि कार्बीनने ज्याला बिलगायचं ते स्टायरीन एकत्र केलं, आतली हवा काढून नायट्रोजन भरला, वर रबरी बूच घट्ट बसवलं. आता फक्त चिमूटभर ऱ्होडियम घालायचं बाकी. दुपारी पार्सल आलं. उघडलं तर हातमोजे. एवेर्तोनने तोंड दाबून हसू आवरलं. मी ती कुपी आणि उरलेल्या डायझोच्या तपकिरी बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि बस पकडून आईकडे गेले. गावात संत योहानाची जत्रा होती. दोन दिवस मी मक्याची खीर खाल्ली, शेकोटीपाशी नाचले आणि ऱ्होडियमचं नावही काढलं नाही.

सोमवारी सकाळी आले तर आमचा फ्रीझर रिकामा, दार उघडं. दारावर चिठ्ठी: *शनिवारी बंद पडला. सामान थंड जागी ठेवलं होतं, आता शेजारच्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये आहे. वा.*

शेजारी जाऊन बघितलं. तपकिरी बाटल्या ठीक होत्या, आतलं डायझो नारिंगी. माझी कुपी मात्र पाण्यासारखी. रंगाचा मागमूस नाही. आणि रबरी बुचात एक सुई खुपसलेली, आरपार.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या सुईतून हवा आणि दमट वाफ आत गेली असणार, सगळं नासलं असणार. चार महिने थांबून शेवटी हे! तेवढ्यात सेउ वाल्देमीर दुरुस्त केलेला एक कंडेन्सर द्यायला वर आले. प्रयोगशाळेत तेव्हा आम्ही पाच जण होतो.

"ही सुई तुम्ही टोचलीत?"

"हो. अगं, त्याचं असं झालं..."

"कुणी सांगितलं होतं? हे काय तुमच्या माशांचं पाणी आहे? महिनाभर खपून मी हे डायझो बनवलंय! ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?"

कंडेन्सर कापसात गुंडाळलेला होता, तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"बरं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

एवेर्तोनसुद्धा काही बोलला नाही. तो गप्प बसला म्हणजे माझंच चुकलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कुपी उचलली आणि टाकाऊ द्रवाच्या कॅनकडे निघाले.

दारात आमच्या प्रोफेसर क्लेओनिसे उभ्या. साठीच्या, ठेंगण्या, कायम एका हातात कॉफीचा कप. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय टाकतेस?"

"नासलेला नमुना."

"नासून काय झालंय त्याचं?"

"माहीत नाही. नासलंय."

"मग माहीत करून घे आणि टाक. न बघता टाकायचं हे माझ्याकडे चालत नाही."

मी धुसफुसत त्यातला थेंबभर घेतला आणि रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआरच्या यंत्रात लावला. दहा मिनिटांनी पडद्यावर रेषा उमटल्या. मी बघतच राहिले. पुन्हा लावला. तेच. ज्या त्रिकोणी कडीसाठी मी चार महिने ऱ्होडियमची वाट बघत होते, तीच कडी, स्वच्छ, कचरा जवळजवळ नाहीच. मोजलं तर सत्त्याऐंशी टक्के.

क्लेओनिसेबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ऱ्होडियम कुठून आणलंस?"

"घातलंच नाही."

"कुपी जुनी? आधीचं काही चिकटलेलं?"

"कोरी होती. मीच खोक्यातून काढली."

त्यांनी कप खाली ठेवला. बाईंनी कप खाली ठेवलेला मी चार वर्षांत दोनदाच पाहिलाय. "पुन्हा कर," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे मी तेच करत होते, आणि ते होत नव्हतं. अंधारात ठेवलं, काही नाही. कोमट केलं, घाण झाली. शेजारच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ टेबल होतं. माझी कुपी तिथेच ठेवली असणार आणि उन्हानं काम केलं असणार, असं मी धरून चालले. खिडकीत ठेवली. आमच्याकडे जून-जुलै म्हणजे थंडी; तिरकं ऊन, निम्मे दिवस ढग. चार दिवसांनी रंग जरा फिका पडला आणि पाच-सहा भलतेच पदार्थ निघाले. आत हवा जाणं गरजेचं असेल म्हणून सुईही टोचून पाहिली. नाहीच.

या तीन आठवड्यांत मी काचकामासाठी एकदाही खाली गेले नाही. तडा गेलेलं भांडं एवेर्तोनच्या हाती पाठवायची. जिन्यात सेउ वाल्देमीर समोर आले की ते "बोम दिया", सुप्रभात, एवढंच म्हणायचे, मीही म्हणायची, आणि दोघंही भिंतीकडे बघत पुढे सरकायचो.

शेवटी क्लेओनिसेबाईंनी मला खोलीत बोलावलं.

"त्या कुपीला तू सगळं विचारलंस. ऊन, अंधार, उष्णता, हवा. बरोबर?"

"हो."

"आणि ज्या माणसाच्या हातात ती दोन दिवस होती, त्याला?"

"नाही," मी म्हणाले.

"झुसारा, मी त्यांना केव्हाच विचारू शकले असते. पण हे काम माझं नाही."

मी जिना उतरले. सेउ वाल्देमीर ज्योतीवर एक जाड नळी फिरवत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पायाने स्टूल सरकवलं. मी बसले. त्यांनी आधी नळी वाकवली, मग ती गार होऊ दिली. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. मग ज्योत बंद केली, चष्मा कपाळावर चढवला.

"बोल."

"त्या दिवशी मी फार वाईट बोलले. सगळ्यांसमोर. मला माफ करा."

"हं."

"आणि... ती कुपी तुम्ही कुठे ठेवली होती?"

"हे त्याच दिवशी विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं. पण तू विचारलं कुठे, तू मलाच सांगत सुटलीस." मग त्यांचा आवाज जरा सैल झाला. "ये इकडे."

ते मला मत्स्यालयापाशी घेऊन गेले. शनिवारी दुपारी माशांना खायला घालायला ते आले, तेव्हा वरच्या मजल्यावर फ्रीझरची घंटा वाजत होती. आमची किल्ली त्यांच्याकडे असायची, पण सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळांच्या किल्ल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी आमच्या सगळ्या बाटल्या खाली आणल्या, एका टबात बर्फ घातला आणि टब मत्स्यालयाच्या कडेला ठेवला, कारण ज्योती बंद असल्या की तळमजल्यावरची ती खोली इमारतीत सगळ्यात गार असायची. रविवारी संध्याकाळी चौकीदाराकडून किल्ली मिळाली, तेव्हा सगळं परत वर नेलं.

"बाकीच्या बाटल्यांना काही झालं नाही. ही एकच साध्या काचेची," ते म्हणाले. "मी इथे पंप उघडून बसलो होतो. बघतो तर हिच्यात बारीक बारीक बुडबुडे. ग्वाराना सोड्याची बाटली उघडल्यासारखे. आणि रबराचं बूच असं फुगलेलं, बेडकाच्या गळ्यासारखं. म्हटलं, ही आता फुटणार. तुला फोन लावला, दोनदा."

मी जत्रेत होते. फोन आईच्या स्वयंपाकघरात पडला होता. नंतर बघितलं तेव्हा एका अनोळखी नंबरावरून दोनदा फोन आलेला दिसला होता, मी लक्षच दिलं नव्हतं.

"मग सुई टोचली. फुस्स करून वारा गेला. एकतीस वर्षं काचेत घालवलीत मी, काच फुटायच्या आधी कशी दिसते ते मला कळतं."

मी मनातल्या मनात हिशोब केला. तेवढ्या डायझोतून निघणारा नायट्रोजन त्या कुपीच्या दुपटीहून जास्त. बंद बूच, वर दाब, आणि बाजूला एक माणूस पंप खोलून बसलेला. ज्या सुईसाठी मी त्यांना बोलले, तिच्यामुळे माझा नमुना वाचला होता, आणि कदाचित त्यांचे डोळेही.

"सेउ वाल्देमीर..."

"असू दे, असू दे. रडायचं असेल तर तिकडे रड, खाऱ्या पाण्याचं प्रमाण बिघडेल माझं."

मी रडत रडत हसले. आणि तसंच वर बघितलं. मत्स्यालयावर दिवा होता. शंभर वेळा तो पाहिला होता, शोभेचा म्हणून. गडद निळा.

"हा निळा का आहे?"

"पोवळ्यांना हाच लागतो. खोल समुद्रात तेवढाच उजेड पोचतो ना. दहा तास चालू, चौदा तास बंद."

नारिंगी दिसणारी वस्तू निळा प्रकाश गिळते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतः शिकवलं होतं. माझं डायझो नारिंगी होतं. तपकिरी बाटल्यांच्या काचेनं तो प्रकाश अडवला, साध्या कुपीनं आत येऊ दिला. त्याला धातू नको होता, उन्हाची भट्टी नको होती. त्याला नेमका हाच उजेड हवा होता: नायट्रोजन सुटेल एवढा जोरदार आणि बाकी काही मोडणार नाही इतका सौम्य.

"मला हा दिवा द्याल? थोडे दिवस?"

ते मत्स्यालयाकडे बघत राहिले. मी लगेच म्हणाले, "नको, नको. पोवळी मरतील."

"थांब गं. दिवा कुठे न्यायचाय? तुझी कुपी इथे आण. दिव्याला काय, खाली पाणी असलं काय आणि तुझं औषध असलं काय."

असे आमचे प्रयोग मत्स्यालयाच्या काठावर सुरू झाले. फक्त या वेळी बुचात सुई मी स्वतः आधीच बसवली, नायट्रोजन बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही अशी. चार तासांत नारिंगी रंग उडाला. मी कुपी घेऊन जिना चढत असताना पाय जमिनीला लागत नव्हते. शहाऐंशी टक्के. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. एवेर्तोन खाली येऊन माशांसमोर वाकला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या लोखंडाचंही काही बघा."

सप्टेंबरात एक अडचण आली. थोडं केलं की छान व्हायचं, जास्त करायला घेतलं की अर्धवट. उजेड द्रवाच्या पहिल्या थरातच गिळला जायचा, आतपर्यंत पोचायचाच नाही. मी आठवडाभर डोकं धरून बसले. सेउ वाल्देमीर यांनी विचारलं, "जाडी नडतेय ना? मग पातळ कर." आणि त्यांनी बोरूएवढ्या नळीचं एक वेटोळं फुंकलं, स्प्रिंगसारखं, बरोबर दिव्याभोवती बसेल असं. एका टोकातून नारिंगी द्रव आत सोडायचा, दुसऱ्या टोकातून बिनरंगी बाहेर. चार वेटोळी तडकली, पाचवं टिकलं. ते काम त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, डाळ-भाताचा डबा बाजूला ठेवून केलं. त्या वेटोळ्यातून मी एका दिवसात एवढा पदार्थ काढला, की तेवढा ऱ्होडियमने सहा महिन्यांत निघाला नसता.

दरम्यान ऱ्होडियम आलं. शिक्क्यांसकट. मी पावतीवर सही केली आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

जगात हे पहिल्यांदा आम्हीच केलं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या देशांतही लोक असेच निळे दिवे लावून बसले होते, हे आम्हाला पुढे वाचून कळलं. पण आमच्या कड्या आमच्या होत्या आणि वेटोळंही आमचं. शोधनिबंध लिहिताना क्लेओनिसेबाईंनी लेखकांच्या नावांत सेउ वाल्देमीर यांचं नाव घातलं. ते तणतणत वर आले.

"प्रोफेसर, हे काय? माझं नाव कशाला? इंग्रजीतला एक शब्द मला वाचता येत नाही."

"नाव पोर्तुगीजमध्येच आहे तुमचं. तेवढं वाचा."

"लोक हसतील. फुगलेल्या बुचाला सुई टोचली म्हणून कुणी शास्त्रज्ञ होतं का?"

"बुडबुडे पाहिले कुणी? वेटोळं केलं कुणी? मी केलं? हिनं केलं?" बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "सही करा. माझी कॉफी गार होतेय."

त्यांनी सही केली. सगळी अक्षरं सुटी सुटी, काळजीपूर्वक.

फेब्रुवारीत माझ्या प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा झाली. सभागृह भरलं होतं. आई-बाबा पुढे, एवेर्तोन आणि मंडळी मधे, आणि अगदी मागच्या रांगेत सेउ वाल्देमीर, टाय बांधून, शेजारी दोना इरासेमा. साडेतीन तास पाच परीक्षकांनी मला पिळून काढलं. शेवटी ते बाहेर गेले, परत आले, उभं राहून निकाल वाचला. टाळ्या झाल्या. मग आभाराचे दोन शब्द बोलायला मला सांगितलं.

मी आई-बाबांचे आभार मानले, बाईंचे मानले. मग म्हणाले, "मागच्या जून महिन्यात मी या विभागातल्या एका माणसाला, पाच जणांच्या देखत, तुम्हाला यातलं कळत नाही असं म्हटलं. माफी मात्र मी बंद खोलीत मागितली. ते बरोबर झालं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर मागते. सेउ वाल्देमीर, मला कळत नव्हतं. तुम्ही वाचवलंत ते फक्त माझं काम नव्हतं. तुमच्याशिवाय आज मी इथे उभी नसते."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. ते लाल झाले, टाय ओढत राहिले. मग बसल्या जागेवरून म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. आता लोकांना खायला घाला, केव्हाचे बसलेत."

सभागृह हसलं, आणि मी खाली उतरून त्यांना मिठी मारली.

बाहेर टेबलावर चीजचे गरम पाव आणि कोंबडीच्या वड्या मांडल्या होत्या. दोना इरासेमा माझ्याजवळ आल्या. लहानखुऱ्या, हातात पंखा.

"त्या सोमवारी तो जेवलाच नव्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणाला, पोरगी खूप दमलीये, तिचं सामान येत नाहीये. तुझं नाव घेऊन वाईट एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, तुला हे माहीत असावं."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

आता मी गोयास राज्यात शिकवते. माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे, हाताखाली शिकणारी सहा मुलं आहेत. सेउ वाल्देमीर निवृत्त झालेत. वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, ते आणि दोना इरासेमा बारा तासांचा बसप्रवास करून आमच्याकडे येतात आणि आठवडाभर राहतात. ते माझ्या मुलांना काच वाकवायला शिकवतात. मुलं त्यांच्याकडे शिकायला माझ्या तासापेक्षा लवकर येऊन बसतात. मी दारात उभी राहून बघते. या वर्षी एका मुलीची नळी तिसऱ्यांदा तडकली आणि तिने भीत भीत माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आत सेउ वाल्देमीर यांनी नवी नळी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. घाई नाही. मी शनिवारपर्यंत आहे."